दुसऱ्या घरचा निरोप

माझ्या वडिलांविषयी कर्जतकडे एक गोष्ट सांगितली जाते. पारनेर तालुक्यातल्या एका हट्टी, जुन्या वळणाच्या शेतकऱ्याने आपल्या मुलाला अमेरिकेला वेळेवर निरोप पाठवू दिला नाही आणि त्यामुळे मुलाच्या मित्राची तिकडची जागा गेली, अशी ती गोष्ट. ती खोटी आहे. ती मी तयार केली. पन्नास वर्षांपूर्वी, आमच्या घराच्या ओट्यावर बसून, वडील आत जेवत असताना तयार केली.

हा मित्र गेल्या पावसाळ्यात वारला. आमच्याकडे दशक्रियेला भाषणे होतात. नदीकाठी मांडव होता, दोनेकशे माणसे होती. मित्राचा मुलगा बोलायला उभा राहिला. वडिलांनी शेती खात्यात नोकरी कशी केली, बांधबंदिस्तीसाठी कर्जतचा माळ न् माळ कसा तुडवला, ते त्याने सांगितले. मग म्हणाला, "आमचे दादा खरं तर अमेरिकेला जायचे. पण पारनेरच्या एका आजोबांना त्यांच्या मुलासाठी दोन-दोन जागा अडवून ठेवायच्या होत्या." लोक थोडे हसले, थोडे हळहळले. मुलगा चांगला आहे. त्याने नाव घेतले नाही, कारण त्या आजोबांचा मुलगा म्हणजे मी त्याच्या डाव्या हाताला खुर्चीवर बसलो होतो.

त्यानंतर बोलण्यासाठी मलाच पुकारले. मी उठलो. मित्र वर्गात पहिला असे, त्याला मातीची जाण होती, एवढे बोललो आणि बसलो. बसताना एका ओळखीच्या माणसाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात मला अजून आठवतो.

आता जे झाले ते सांगतो.

आम्ही दोघे शेतकी कॉलेजात बरोबर होतो. तो जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, कोरड्या भागातला. त्याचे आईवडील दसऱ्यानंतर ऊस तोडायला बेलापूरच्या बाजूला जात ते उन्हाळ्यात परत येत. तेवढे महिने त्याच्या घराला कुलूप असे. म्हणून सुट्टीत तो आमच्याकडे येई आणि त्याची पत्रेही आमच्याच पत्त्यावर येत. माझ्या आईने त्याची ताटली वेगळी अशी कधी ठेवली नाही, जी हाताला येईल ती. वडिलांचा, म्हणजे आमच्या अण्णांचा, तर तो माझ्यापेक्षा लाडका. आमच्या मुरमाड उतारावर त्या दोघांनी एका सुट्टीत दगडाचा ताल घातला होता, म्हणजे पाणी अडवायचा बुटका बांध. पुढे दुष्काळ पडला तेव्हा सगळ्या शेतात त्या तालाच्या वरच्या चिंचोळ्या पट्टीत तेवढा हातभर कडबा झाला. अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला तिकडे नेऊन दाखवत. "ह्यो ताल त्या पोराचा," म्हणत. मीही दगड वाहिले होते, पण ते खरेच होते. ताल त्याचाच होता.

अमेरिकेच्या मध्यावर, गव्हाच्या सपाट मुलखात एक लहानसे विद्यापीठ होते. कमी पावसाच्या जमिनीत पाणी कसे धरून ठेवायचे यावर तिथले एक प्राध्यापक काम करत. त्यांचा एक निबंध मित्राला कॉलेजच्या वाचनालयात सापडला आणि त्याने तो सगळा हाताने उतरवून घेतला. त्याने अर्ज केला तो त्या एकाच ठिकाणी. मी दोन ठिकाणी केला. एक पूर्वेकडचे मोठे, नावाजलेले विद्यापीठ, जिथे मला वनस्पतींच्या रसायनशास्त्रात जायचे होते. आणि दुसरे हे लहान, ज्याचे नाव मला मित्राकडूनच कळले होते. अर्ज करतोच आहे तर तिथेही एक, अशा हिशेबाने मी तो केला. माझे इंग्रजी बरे होते. माझा अर्ज नगरला टाइप करून घेतलेला होता, त्याचा हाताने लिहिलेला. मी त्याच्या अर्जातली इंग्रजी वाक्ये तपासून दिली होती. हे मी पुढे अनेकांना अभिमानाने सांगत असे.

दुष्काळाच्या त्या वर्षी, संक्रांतीनंतर पत्रे आली. मोठ्या विद्यापीठाने प्रवेश दिला होता, पण राहण्याशिकण्याचा खर्च ते देणार की नाही हे मार्चअखेर कळणार होते. लहान विद्यापीठाने सगळेच दिले होते, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत हो की नाही ते मागितले होते. मित्रालाही त्यांचे पत्र आले. त्याचे नाव प्रतीक्षा यादीत होते.

ही पत्रे घरी वाचून दाखवायची होती. त्यासाठी मामांना बोलावणे गेले. आमच्या मामांनी अर्ध्या तालुक्याची लग्ने जमवलेली. त्यांनी दोन्ही पत्रे घोंगडीवर शेजारी शेजारी मांडली आणि वरच्या तिकिटांची चित्रे नीट पाहिली.

"ह्या मोठ्या घरचं काय म्हननं हाय?" मामांनी विचारले.

"प्रवेश दिलाय. खर्चाचं नंतर कळवतो म्हणतात."

"म्हंजी पोरगी दिली, देन्याघेन्याचं बाकी. आन् ह्ये दुसरं?"

"त्यांचं सगळं पक्कं आहे. आपणच हो म्हणायचंय."

"मग त्येला हो म्हनू नगं, न्हाई बी म्हनू नगं. आदी मोठ्या घरची सुपारी फुटू दे."

चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "आन् ह्यात पोरगी कोन? आपला पोरगा का ती साळा?"

"आक्का, तू भाकरी बघ," मामा म्हणाले, आणि अण्णा खो खो हसले. मग हसू थांबवून अण्णांनी मला विचारले, "पर तवर त्ये थांबत्याल का?"

"एप्रिलच्या मध्यापर्यंत थांबतील."

"मग हरकत न्हाई."

या हसण्याखिदळण्यात एक गोष्ट कुणाला कळली नाही. लहान विद्यापीठाच्या पत्रातला शेवटचा परिच्छेद मी वाचून दाखवलाच नव्हता. त्यात प्राध्यापकांनी लिहिले होते की माझ्याकडे जागा एकच आहे. तुम्हा दोघा वर्गमित्रांतून निवड करणे मला जड गेले. तुम्ही येणार नसाल तर कृपा करून तारेने कळवा, म्हणजे ती जागा मी तुमच्या मित्राला देऊ शकेन. तारीख उलटली तर ती माझ्या हातात राहणार नाही.

हा परिच्छेद मी मित्रालाही सांगितला नाही; मला तिथे जागा मिळाली एवढेच त्याला ठाऊक होते. तेव्हा मनाशी म्हटले होते की उगाच त्याला आशा कशाला लावायची.

फेब्रुवारी-मार्च असाच गेला. मित्र त्याच्या भागात दुष्काळी कामावर, एका पाझर तलावावर हजेरी लिहायला लागला होता. मी घरीच होतो. विहिरीत पाणी नव्हते, त्यामुळे कामही नव्हते. गावातली माणसे येऊन बसत. "कुठल्या गावाला जायचं ठरलं?" म्हणून विचारत. मी दोन्ही नावे सांगे. मला ती दोन्ही नावे सांगायला आवडे. एखाद्याला एकही नसताना आपल्यापाशी दोन असण्यात एक ऊब असते. ती मी दोन महिने घेतली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मोठ्या विद्यापीठाचे पत्र आले. सगळा खर्च ते देणार होते. आईने गूळ वाटला. अण्णांनी चंचीतून अडकित्ता काढला, माझ्यासमोर खरोखरची एक सुपारी फोडली आणि खांड माझ्या हातावर ठेवले.

"फुटली बरं का," ते म्हणाले. आणि लगेच पुढे म्हणाले, "आता आजच्या आज दुसऱ्या घरी मानूस गेला पायजे."

आमच्याकडची रीत पुरी अशी आहे. सुपारी फुटेपर्यंत दुसऱ्या स्थळाला नाही म्हणत नाहीत. पण फुटली की त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, दुसऱ्या घरी माणूस धाडतात. तो पाणीसुद्धा न पिता निरोप सांगतो आणि परत फिरतो. मामांनी यातले पहिले अर्धे सांगितले होते, कारण उरलेले सांगायची गरजच नसते. ते सगळ्यांना ठाऊक असते. मलाही होते.

"तार करतो," मी म्हणालो.

"कर. ऊन चढायच्या आत जा. त्येंच्या पोरीला बी कुनी बघून ठिवलं आसंल. आपल्यापायी ती टांगून नगं."

मी सायकलने पारनेरला गेलो. पोस्टातल्या तारबाबूने तारेचा अर्ज दिला. मी पत्ता लिहिला, खाली नकाराचे चार शब्द लिहिले. बाबूने पत्ता पाहिला आणि दचकून विचारले, "अमेरिकेत कोण गेलं हो?"

"कुणी गेलं नाही. नकार कळवायचाय."

"नकार कळवायला तार?" तो हसला. "लोक होकार सुद्धा कार्डावर कळवतात. टाका की पत्र."

त्याचे बोलणे निमित्त झाले. मी अर्ज परत घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि बाहेर आलो. पिंपळाखाली सायकल होती. तिथे बराच वेळ उभा राहिलो. अजून व्हिसा कुठे आहे, असे मनाशी म्हटले. ऐन वेळी मोठ्या ठिकाणी काही बिनसले तर, असेही म्हटले. ही कारणे मी पुढे स्वतःला इतक्या वेळा ऐकवली की ती खरी वाटू लागली.

खरे कारण वेगळे होते. तो वर्गात पहिला होता आणि मी तिसरा. चार वर्षे मास्तर त्याची वही सगळ्यांना दाखवत. माझ्या घरात माझा बाप त्याचा ताल दाखवत असे. आता पहिल्यांदा मी त्याच्या पुढे होतो. गावात, तालुक्यात, वर्गात अमेरिकेला जाणारा मी एकटा होतो. ती तार गेली असती तर तोही गेला असता, आणि तिकडे त्याच्या मातीच्या कामात तो माझ्या कितीतरी पुढे गेला असता, हे मला माहीत होते. मला एकट्याला जायचे होते. एवढेच होते ते.

घरी आलो तर अण्णा गोठ्यात होते. "गेला का मानूस?" त्यांनी विचारले.

"गेला," मी म्हणालो.

त्यानंतर चार दिवसांनी मित्र आला. ऊसतोडीचा हंगाम संपत आला होता. आईवडिलांना बेलापूरकडे भेटून परत जाताना तो वाट वाकडी करून आमच्याकडे आला होता. फाट्यापासून उन्हात चालत आलेला. आईने दिलेले पाणी तो उभ्यानेच प्यायला आणि माझ्याजवळ ओट्यावर टेकला. अण्णा आत जेवत होते. मुदतीला अजून दिवस होते. तारेने एका दिवसात काम झाले असते.

"मामा फाट्यावर भेटले," तो म्हणाला. "तुझं मोठ्या ठिकानचं झालं म्हनले. लई ब्येस झालं गड्या."

"झालं खरं."

तो पायातल्या चपलेचा अंगठा फिरवत बसला. मागायची त्याला सवय नव्हती. "मंग त्या दुसऱ्या जागेचं," तो शेवटी म्हणाला, "काय कळवलंस का?"

मी तेव्हाही सांगू शकलो असतो की राहून गेलेय, उद्या जातो. त्याने मला दोन शिव्या घातल्या असत्या आणि हाताला धरून पारनेरला नेले असते. त्याऐवजी मी आवाज खाली आणला आणि दाराकडे पाहिले.

"अण्णा थांब म्हणतात," मी म्हणालो. "व्हिसा हातात पडेपर्यंत कुणाला नाही म्हणायचं नाही म्हणतात. तुला त्यांचं माहितीये ना. सगळं सोयरिकीसारखं."

"मी बोलू का त्येंच्याशी? माझं ऐकतेत त्ये."

"नको, नको. चिडतील. मी सांगतो हळूहळू."

तेवढ्यात आतून अण्णांची हाक आली, "ए पोरा, भाईर काय बसला पाव्हन्यावानी? ये की आत. भाकरी खा, मंग तालाकडं जाऊन येऊ."

मित्र उठला. "न्हाई अण्णा, जातो. गाडी चुकंल," त्याने बाहेरूनच सांगितले. आमच्या घरातून तो जेवल्यावाचून गेला, अण्णांच्या पाया पडल्यावाचून गेला, असे तोवर कधी झाले नव्हते. अण्णा हात धुऊन बाहेर आले तोवर तो वळणापाशी पोचला होता. "एवढी कशाची गाडी?" अण्णा म्हणाले.

नकार मी पत्राने कळवला. पत्र टाकले त्या दिवशी मुदत संपली होती. ते पोचायला आणखी दोन आठवडे. मे महिन्यात प्राध्यापकांचे चार ओळींचे उत्तर आले. जागा विभागाकडे परत गेली, तुमच्या मित्राला घेता आले असते तर मला आनंद झाला असता, असे त्यांनी लिहिले होते. मित्रालाही त्यांचे पत्र आले, आमच्याच पत्त्यावर. ते मी पाकीट बदलून त्याच्या तलावावर पाठवून दिले. घेऊन गेलो नाही. पुढच्या वर्षी ते प्राध्यापक निवृत्त झाले. मित्राच्या घरी बहिणीचे लग्न निघाले आणि त्याने शेती खात्यातली नोकरी धरली.

मी गेलो. पदवी मिळवली, परत येऊन पुण्यात एका औषधांच्या कारखान्यात नोकरी केली. माझ्या शिक्षणाचा आमच्या माळाला कधी काडीचा उपयोग झाला नाही. हेही सांगून टाकतो.

अण्णांचे मात्र वेगळेच सुरू झाले. मित्र आमच्याकडे यायचा बंद झाला होता. मी अमेरिकेत असताना अण्णा कुणाकडून तरी पत्र लिहवून घेत. पावसाचे, बैलांचे झाले की शेवटी हमखास एक ओळ असे : तो पोरगा येत न्हाई, तुला काय लिहितो का. एकदा पारनेरच्या बाजारात तो त्यांना दिसला. सरकारी कामाने आला होता. अण्णांनी हाक मारली. त्याने लांबूनच हात जोडले आणि गर्दीत गेला. हे अण्णांनी मला मी परत आल्यावर सांगितले, आम्ही तालावर बसलो होतो तेव्हा.

"माझ्याकडून काय चुकलं आसंल का रं?" त्यांनी विचारले. "त्येच्या मायबापाला ऊसतोड्ये म्हनून मी कवा काय बोललो का?"

"नाही हो अण्णा."

"मग?"

"कामात असेल," मी म्हणालो.

हा प्रश्न ते मरेपर्यंत अधूनमधून विचारत राहिले. अगदी शेवटी त्यांना माणसे नीट ओळखू येत नव्हती, तेव्हा एकदा त्यांनी माझ्याकडेच निरखून पाहिले आणि म्हणाले, "आलास का? लई दिसांनी आलास." मी त्यांना तसेच समजू दिले. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

मित्राला मी कर्जतला जाऊन भेटत असे. तो मला कधी टाकून बोलला नाही. एकदाच म्हणाला, "तुझा काय दोष? अण्णा जुन्या वळनाचे. त्येंना काय ठावं, परदेशाचं कसं असतं. पर लेका, मला त्या मानसाकडून न्हवतं वाटलं." तेव्हा अण्णा जिवंत होते. कर्जतहून आमचे गाव एका दिवसाच्या एसटीवर होते. मी चहा संपवला आणि पोरांच्या शाळेचा विषय काढला. अण्णा गेले तेव्हा मित्र माझ्या सांत्वनाला पुण्याला आला, पण गावी मातीला आला नाही.

दशक्रियेनंतर आठ दिवसांनी मी मित्राच्या मुलाला फोन केला आणि सगळे सांगितले. तार, पोस्ट, ओटा, सगळे. माझे संपल्यावर त्याने विचारले, "काका, दादांना हे माहीत होतं?"

"नाही."

"आणि तुमच्या वडलांना?"

"त्यांनाही नाही."

मग तो म्हणाला, "मी त्या दिवशी दोनशे माणसांपुढं बोललो ना, काका. त्या माणसांना आता कोण सांगणार?"

"मी सांगतो," म्हणालो.

"तोंडी नको. तुम्ही तोंडी सांगायला उभे राहिलात की दुसरंच काही बोलाल."

हे त्याने रागाने म्हटले नाही. म्हणूनच मला ते लागले, आणि ते बरोबर होते. मी काही महिने लावून हे लिहिले. दोनदा लिहिले, कारण पहिल्या खेपेला तारबाबूचा दोष बराच झाला होता.

मित्राचे वर्षश्राद्ध जवळ आले आहे. तीच माणसे येतील. मुलगा हे त्यांच्यापुढे वाचणार आहे. मी तिथे असावे की नसावे, हे त्याने माझ्यावर सोडले होते. मी येतो म्हणून कळवले आहे, ज्या दिवशी त्याने विचारले त्याच दिवशी. खुर्ची नको, खाली सतरंजीवर बसेन, असेही सांगितले. माझ्या वडिलांनी दुसऱ्या घरी माणूस पाठवायला सांगितले होते. तो गेला नाही, तो माणूस मी होतो.